अठ्ठावीस दातांची बचत

चौकशीला चौकशी हे नाव कुणी ठेवलं, ते खुद्द चौकशीलाही शोधून काढता आलं नव्हतं, आणि याची तिला जराशी लाजही वाटायची. बाकी सगळं तिला ठाऊक असायचं. शेजारचा शिंपी दुकान दहाऐवजी अकराला का उघडतो, समोरच्या जिन्यात चपलांचे किती जोड असतात आणि त्यातला कुठला जोड महिनाभर हललेला नाही, कुरिअरवाल्याचा घटस्फोट कुठवर आला. ती भांडखोर नव्हती, चुगलखोर तर मुळीच नव्हती. एका कानाने ऐकलेलं दुसरीकडे पोचवायची तिला सवय नव्हती. तिला फक्त कळून घ्यायचं असायचं. कळलं नाही तर जिवाला चैन पडायची नाही.

ती दातांच्या कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणजे दोन लांब खोल्या आणि एक पोटमाळा. दंतवैद्यांकडून तोंडांचे ठसे यायचे, इथे त्यांच्या कवळ्या तयार होऊन परत जायच्या. ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा करायचा साचेवाला. त्या साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायची चौकशी. मेणाची कवळी पक्की होऊन आली की तिला घासूनपुसून चकचकीत करायचे पॉलिशकाका. आणि पोटमाळ्यावर नव्या यंत्रासमोर बसून जबडे संगणकात घालणारी एक सव्वीस वर्षांची मुलगी होती, तिला सगळे स्कॅनर म्हणत. माणसाचं नाव या कारखान्यात येतच नसे. प्रत्येक तोंडाला एक नंबर. अठरा वर्षं चौकशी नंबरांना दात लावत होती, आणि त्यातलं एकही तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासारख्या बाईला देवाने हे काम द्यावं, यातच देवाचा खट्याळपणा दिसतो.

बचतीचं खूळ स्कॅनरने आणलं. वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात चहाच्या वेळी तिने फोन पुढे केला. "हे बघा, लोक गट करून वर्षभराची बचत करतात. एकट्याने होत नाही ना, चौघांत होतं. प्रत्येकाने आपला आकडा ठरवायचा आणि वर्ष संपायच्या आत गाठायचा."

"आकडा भिंतीवर लावायचा?" साचेवाल्याने विचारलं. तो अंगाने दांडगा आणि आवाजाने त्याहून दांडगा होता. "म्हणजे माझी अब्रू चव्हाट्यावर."

"आकडा नाही लावायचा. किती भाग झाले तेवढंच दाखवायचं. चौकोन रंगवायचे."

"चौकोन कशाला?" काका तोंडावरचा मास्क न काढताच म्हणाले. दिवसभर कवळ्यांची धूळ उडायची, त्यामुळे त्यांचा मास्क क्वचितच खाली यायचा. "इथे दात कमी आहेत का?"

आणि तसंच ठरलं. साचेवाल्याने चौघांसाठी बोडके जबडे ओतले, वरचा आणि खालचा, प्रत्येकाला एक जोडी. रंग जुळला नाही म्हणून उरलेल्या दातांचे डबेच्या डबे पडून होतेच. आकड्याचे समान भाग करायचे, एक भाग बँकेत पडला की मेणात एक दात बसवायचा. भाग बत्तीस की अठ्ठावीस, यावर अर्धा तास वाद झाला. स्कॅनर म्हणाली बत्तीस. साचेवाला म्हणाला, कवळीत अक्कलदाढा बसवतच नाहीत, आणि आपल्यापैकी कुणाला अक्कल असती तर आपण इथे असतो का. अठ्ठावीसवर शिक्कामोर्तब झालं. पैसे काढून घेतले, तर दात उपटायचा.

दोन नियम आणखी होते. आकडा आणि कारण चिठ्ठीवर लिहून पाकीट बंद करून मालकीणबाईंच्या खणात ठेवायचं, आणि कारण वर्ष संपेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. कारण सांगितलं की लोक शहाणपणा शिकवतात, असं स्कॅनरचं म्हणणं होतं. मालकीणबाईंनी स्वतःहून भर घातली: चौघांच्याही कवळ्या पूर्ण झाल्या तर चार दिवस भरपगारी सुट्टी. एकाचीही अपुरी राहिली तर कुणालाच नाही.

चौकशीने त्या संध्याकाळी आकडा लिहिला. वर्षभरात तिला जेमतेम झेपेल असा. मग खाली 'कारण' असा शब्द लिहिला, दोन टिंबं दिली आणि थांबली. पेन टेबलावर आपटून पाहिलं. मुलीची फी नवरा भरत होता. सोन्याचा तिला सोस नव्हता. फिरायला जावं तर कुठे? काहीच सुचेना. स्कॅनर पाकिटं गोळा करायला आली तेव्हा तिने चिठ्ठी तशीच घडी घालून आत सारली. दोन-चार दिवसांत सुचेल, मग बदलू, असं तिने स्वतःला समजावलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि घरातही प्रत्येक गोष्टीचा त्याला बिघाड आणि उपाय अशा दोनच बाजू दिसायच्या.

"चांगलंय की," तो म्हणाला. "न्हाणीघराच्या फरश्या निघाल्यात. खालच्यांच्या छताला ओल उतरतेय. वर्षअखेर काम काढू."

"ते माझे साठवलेले आहेत हो."

"मग कशासाठी आहेत ते सांग. कारण असेल तर तुझे, मी हात लावणार नाही. कारण नसेल तर नुसते पडून काय करणार? फरश्या करून टाकू."

तो रागाने बोलला नव्हता. उलट आपण फार रास्त बोललो असंच त्याला वाटलं असणार. चौकशीलाही ते रास्तच वाटलं, आणि तिथेच तिची पंचाईत झाली. तिला ते पैसे हवे होते. लग्नाआधी पगार आईच्या हातात, लग्नानंतर घरात. आपले म्हणावेत असे पैसे तिच्याकडे कधी नव्हतेच. एक वर्षाची मुदत होती. तेवढ्यात एक कारण शोधून काढायचं, नाहीतर फरश्या.

खोटं कारण सांगता आलं असतं. पण नवऱ्याशी खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे, हे त्यालाही माहीत होतं.

मग तिने तिला जमणारा मार्ग धरला. बाकीच्या तिघांना काय हवंय ते काढायचं. माणसांना हवंसं वाटतं म्हणजे नेमकं कसं वाटतं, ते एकदा कळलं की आपलंही काहीतरी सापडेल. मूल शेजारच्याच्या वहीत डोकावतं ना, तसंच होतं हे, आणि तिला ते कबूलही होतं.

जबडे खिडकीपाशी फळीवर ओळीने ठेवले होते. ती रोज सकाळी आल्याआल्या ते न्याहाळायची. माणूस दात कसे बसवतो त्यावरून खूप कळतं, असा तिचा अठरा वर्षांचा अनुभव. साचेवाल्याने डब्यातले सर्वांत पांढरेशुभ्र दात निवडले होते आणि ते बरोबर मधोमध लावले होते, वर दोन, खाली दोन. म्हणजे याला मिरवायचंय. मोटारसायकल, दुसरं काय! स्कॅनर कुठेही लावायची. एक दात इथे, मध्ये तीन जागा सोडून दुसरा तिथे. जिचं मन थाऱ्यावर नाही तिचं हे काम, म्हणजे लग्न. चौकशी स्वतः मात्र शिकवलेल्या क्रमाने लावत होती. आधी मधले, मग शेजारचे, मग सुळे. तिच्या जबड्यावरून कुणाला काही म्हणजे काही कळलं नसतं.

काकांचं कोडं सुटेना. ते पार मागून, दाढांपासून सुरुवात करत होते, आणि दातही पिवळसर, थोडे झिजल्यासारखे निवडत होते. एकसष्ट वर्षांचा विधुर माणूस. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहणारा. याला काय हवं असेल?

"काका, मुलाकडे जायचा विचार आहे का?" तिने एकदा सहज म्हणून विचारलं.

"मला मुलगा नाही."

"नाही, तसं म्हणजे भाच्याकडे वगैरे."

"चौकशी, तुझं मेण थंड होतंय," काका म्हणाले आणि यंत्र चालू केलं.

चौथ्या महिन्यात काकांचे तीन दात गेले. काल सात होते, आज चार. चौकशीने दोनदा मोजले. इतर दोघांनीही पाहिलं आणि साचेवाल्याचा चेहरा पडला, कारण त्याला चार दिवसांची सुट्टी दिसायला लागली होती. पण नियमाप्रमाणे कुणी काही विचारलं नाही. चौकशी मात्र मनात अंदाज बांधत राहिली. आजारपण असेल का? की कुणी फसवलं? त्याच सुमारास काका दुपारी सगळ्यांबरोबर डबा खायचे बंद झाले. बाहेर जायचे, अर्ध्या तासाने यायचे, मास्क लावूनच.

इकडे तिचे स्वतःचे दात नेमाने वाढत होते. चौदा झाले, वरचा जबडा भरला. आणि कारणाच्या नावाने शंख! ती दुकानांच्या काचांसमोर उभी राहून बघायची. घड्याळं बघितली, गालिचे बघितले, एकदा तर एका दुकानात जाऊन शिवणयंत्र चालवूनही पाहिलं. दुकानदाराने विचारलं, "घ्यायचंय का?" तर ती म्हणाली, "तेच बघायला आलेय." प्रत्येक वस्तूजवळ ती काहीतरी हलेल म्हणून वाट बघायची आणि काहीही हलायचं नाही. आपल्यातलंच एखादं यंत्र बंद पडलंय की काय, अशी तिला भीती वाटायला लागली.

आठव्या महिन्यात काकांच्या यंत्रामागे चिंध्यांत गुंडाळलेला एक साचा तिला सापडला. ती तिथे सांडलेले सुळे वेचत होती, हे खरंच होतं. पण चिंधी उलगडायची काही गरज नव्हती. खालचा जबडा, साफ बोडका, आणि नंबराच्या जागी खरवडलेलं. कारखान्यात नंबर नसलेला साचा म्हणजे पत्ता नसलेलं पत्र. तिने बोट फिरवलं आणि तिला ओळख पटली. डाव्या बाजूला हाडाचा वाटाण्याएवढा उंचवटा होता. हा चारशे सतरा नंबर! दोन महिन्यांपूर्वी याच उंचवट्याने तिला दोन दिवस रडवलं होतं, दाढ काही केल्या बसेना. चारशे सतराबद्दल तिने बरीच कल्पनाही केली होती. बाई असणार, साठीची, हळू बोलणारी, मनात हसणारी. म्हणून तिने वरचा एक सुळा मुद्दाम जरासा तिरका लावला होता, अगदी शिस्तीत लावलेले दात त्या बाईला शोभणार नाहीत म्हणून.

आणि आता त्या बाईचा जबडा काकांनी नंबर खरवडून चिंधीत जपून ठेवला होता! चौकशीच्या डोक्यात सगळं धडाधड जुळलं. दाढांपासून, लपूनछपून साठवलेले पैसे. दुपारी बाहेर जाणं. तीन दात तिच्या इलाजावर गेले असणार. काका या वयात कुणाच्यातरी प्रेमात पडले होते. चौकशीला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

तिने दोन दिवस तोंड आवरलं. तिसऱ्या दिवशी साचेवाला सामान आणायला गेला होता, स्कॅनर माळ्यावर होती, तेव्हा ती काकांच्या टेबलाशी स्टूल ओढून बसली.

"काका, मी कुणाला सांगणार नाही. पण चारशे सतरा कोण आहेत?"

काकांनी यंत्र बंद केलं. मग उठून दाराला कडी लावली, मास्क खाली ओढला, तोंडात बोटं घातली आणि दोन्ही कवळ्या काढून तिच्या पुढ्यात रुमालावर ठेवल्या.

चौकशीची दातखीळ बसली. तिरका सुळा तिने लगेच ओळखला.

काकांनी कवळ्या धुऊन परत बसवल्या, मगच बोलले. "बाकीचे दात कधीच गेले होते. तीनच उरले होते, त्यांच्यावर जुनी अर्धी कवळी अडकवून दिवस काढत होतो. तेही हलायला लागले. ते काढायच्या खर्चासाठी फळीवरच्या जबड्यातले तीन उपटावे लागले. हिरड्या भरेपर्यंत गपचूप घरी जाऊन पेज प्यायचो. मग ठसा खोट्या नंबरावर आत सरकवला."

"पण सांगायचं ना! आम्ही काय हसलो असतो?"

"तीस वर्षं दुसऱ्यांचे दात चमकावले आणि स्वतःचे सांभाळता आले नाहीत. साचेवाल्याने वर्षभर तेच चालवलं असतं." त्यांनी आरशात वाकून पाहिलं. "आणि ओळखीच्या माणसाचं आहे म्हटल्यावर तू घाबरत काम केलं असतंस. गेला महिना जेवतोय मी यांनी. कधी मास्क खाली आला तरी कुणाला कळलं नाही. तुलाही नाही. सुळा तिरका आहे ना, म्हणून."

अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या हातचे दात तिने तोंडात पाहिले होते, आणि ते तोंड तिच्यापासून सहा फुटांवर दिवसभर बसत होतं. तिला हसूही येत होतं आणि शरमही वाटत होती. जगाची खबर ठेवणारी आपण, समोरचा माणूस बोलताना त्याच्या ओठांकडे कधी बघितलं नाही.

"मग पैसे कशासाठी साठवताय?" तिने विचारलंच.

"दार उघड आणि कामाला लाग," काका म्हणाले.

वर्षाच्या शेवटच्या शुक्रवारी काकांनी अठ्ठाविसावा दात लावला. ओव्हरटाइम करून त्यांनी गेलेले तिन्ही भरून काढले होते. चारही कवळ्या पुऱ्या झाल्या, आणि मालकीणबाई पाकिटं घेऊन खाली आल्या. कालच नवऱ्याने विचारलं होतं, फरशीवाल्याला रविवारी बोलावू का, आणि तिने म्हटलं होतं, उद्या सांगते.

साचेवाल्याची चिठ्ठी आधी निघाली. मोटारसायकल नव्हतीच. 'घोरण्याचं ऑपरेशन.' वाचल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "बायको दोन वर्षं बाहेरच्या खोलीत झोपते. मला करमत नाही." त्याचा आवाज इतका लहान होऊ शकतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. स्कॅनरच्या चिठ्ठीत लग्न नव्हतं, 'विमानाचं तिकीट, एकटीचं, जायचंच' असं होतं. काकांच्या चिठ्ठीत होतं, 'तळमजल्यावरची जागा, जिथे कुत्रा ठेवू देतील.' तिन्ही अंदाज साफ चुकले. एरवी चौकशीला याचं दुःख झालं असतं.

मग तिची चिठ्ठी. मालकीणबाईंनी उलटून पाहिली. "कारण कोरं आहे."

"विसरलीस?" स्कॅनरने विचारलं.

"नाही," चौकशी म्हणाली. तिचे कान तापले, पण ती खोटं बोलत नव्हती. "मला माहीत नव्हतं. अजून माहीत नाही. वर्षभर शोधलं, तुमच्या जबड्यांत बघून शोधलं. मला काही सापडत नाही."

साचेवाला घाईघाईने म्हणाला, "मग आपली सुट्टी गेली?" स्कॅनर म्हणाली, नियमात कारण लिहायचं असं होतं. मालकीणबाई म्हणाल्या, आपण बोली केली होती ती कवळीची, कारणाची नाही. सगळे काकांकडे बघू लागले.

काकांनी चौकशीचा जबडा उचलला, वरचा खालच्यावर मिटवला, उजेडात धरून दातांवर दात नीट बसतात का ते पाहिलं, जसे ते रोज प्रत्येक नंबराचे बघत. "अठ्ठावीस आहेत," ते म्हणाले. "पुरे आहेत. खाणार काय, ते आपण कुठल्या नंबराला विचारतो?"

साचेवाल्याने टाळी वाजवली. चार दिवसांची सुट्टी पक्की झाली.

चौकशी घरी आली तेव्हा अजून उजेड होता. नवरा न्हाणीघरात टेप लावून मापं घेत होता. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, कानावर पेन्सिल.

"काय, सापडलं का कारण?" त्याने मान वर न करता विचारलं.

"नाही सापडलं."

"मग रविवारी त्याला—"

"पैसे माझ्याकडेच राहतील," चौकशी म्हणाली. तिला वाटलं होतं आपला आवाज कापेल. कापला नाही. "कारण नाही. तरी राहतील. चप्पल घेतली तर कारण, माहेरी गेले तर कारण, रजा टाकली तर कारण. आजवर प्रत्येक वेळी कारण देत आलेय मी. हे बिनकारणाचे आहेत, आणि माझे आहेत."

त्याने टेप सोडली, ती खडखडत आपल्या डबीत गेली. मग त्याने बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. बिघाड लगेच सापडला नाही की तो असाच बसायचा, लिफ्टच्या खड्ड्यातसुद्धा.

"फरश्यांचं मी बघतो," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात थोड्या, नंतर थोड्या. पण एक सांग मला."

"काय?"

"तुला काय हवंय गं?"

चौकशीने त्याच्याकडे वळून बघितलं. तो टोमणा नव्हता, हे तिने आधी नीट पाहून घेतलं. त्याला खरंच कळत नव्हतं आणि खरंच कळून घ्यायचं होतं. ती भावना तिच्याइतकी कुणाला ओळखू येणार? आयुष्यभर तिने साऱ्या जगाला विचारलं होतं. तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आईने नाही, याने नाही, आणि तिने स्वतः विचारलं होतं तेही फरशीवाल्याच्या धाकाने. तिला रडू आलं, आणि ते लपवावंसं वाटलं नाही.

"थांबा," ती म्हणाली. "विचार करू द्या."

"कर," तो म्हणाला, आणि बादलीवर बसून राहिला.